शपथेचं पाणी

रंभाबाईच्या तोंडी लागायची आंबेटोल्यात कोणाची छाती नव्हती. मूल गावच्या बाजारात ती शिंगाड्यांची पाटी मांडून बसली, की एखादं गिऱ्हाईक बोलता बोलता वरचे चार शिंगाडे फुकट उचलायचं, आणि रंभाबाई त्याच्या सात पिढ्या अशा उद्धरायची की तो शिंगाडा त्याच्या घशाखाली उतरत नसे. पण हीच रंभाबाई अंगणात मुखरूची चाहूल लागली की पदर नाकापर्यंत ओढायची आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मुखरू तिचा भासरा, म्हणजे मेलेल्या नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ. आमच्याकडे सून भासऱ्याशी बोलत नाही. त्याचं नाव घेत नाही, त्याला तोंड दाखवत नाही. काही सांगायचंच झालं तर ते दाराला सांगायचं, आणि भासऱ्यानं दाराकडून ऐकल्यासारखं करायचं. ही रीत ज्यानं काढली त्याला एकदा त्या पदराआड दिवसभर उभं करायला हवं होतं, म्हणजे तिथून जग केवढं दिसतं ते त्याला कळलं असतं.

तिचा जन्म सगळा पाण्यात गेला. वैनगंगेच्या काठी ढिवराच्या, मासे धरणाऱ्याच्या घरी जन्मली, चालण्याआधी पाण्यात हातपाय मारायला शिकली, आणि लग्न होऊन आली तीही तलावावरच. आंबेटोल्याचा तलाव मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या वेळचा. मालगुजारी गेली, तलाव सरकारचा झाला, पण ढिवरांनी आपसांत बांबू रोवून केलेले शिंगाड्यांचे वाटे तसेच राहिले. नवरा लटारू तापानं गेला तेव्हा त्याचा वाटा रंभाबाईनं धरला. आषाढात वेल लावायचे, कार्तिकात फळ काढायचं. गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून, काट्यांनी बोटं सोलून घेत. शेजारी म्हशी डुंबायच्या, पलीकडे माणसं आंघोळ करायची, आणि त्याच पाण्यानं चूळ भरून रंभाबाई पुन्हा कामाला लागायची. त्यात कोणाला वावगं वाटत नव्हतं, तिलाही नाही.

मुखरूला मात्र तो वाटा सलत होता. बाईमाणसाला, त्यातून मागे लेकरू नसलेल्या बाईला, पाण्यात वाटा कशाला, असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा. तो जातीचा मुख्य पंच, त्यामुळे चारचौघं माना हलवायचे. आणि एका कार्तिकात सकाळी उठून पाहतात तो मुखरूच्या वाट्यातले शिंगाडे साफ. वेल उलटेपालटे पडलेले, फळ एक नाही. कोणी नेले ते कोणी पाहिलं नव्हतं. पण मुखरूच्या वाट्याला लागून रंभाबाईचा वाटा, एवढं पुरे झालं. पंचांनी रंभाबाईला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बोलावलं.

आंबेटोल्याच्या तलावावर चोरीचा निकाल शपथेनं व्हायचा. ज्याच्यावर आळ त्यानं छातीइतक्या पाण्यात उतरायचं, ओंजळ भरायची, डोळे उघडे ठेवून ते पाणी डोळ्यांत घ्यायचं आणि म्हणायचं, मी चोरलं असेल तर माझे डोळे फुटतील. एवढं केलं की तो सुटला. पुढं तलाव काय ते बघून घेईल. त्या दिवशी ऊन कडक होतं, आणि पंच जमले तोच मुखरूचा घोळणा फुटला. ते त्याचं नेहमीचंच. रक्त आलं की दुपट्टा नाकाला लावून बसायचा. कोणीतरी धावत जाऊन कांदा फोडून आणला, कोणी डोक्यावर पाणी थापलं, भाऊला उन्हाची गरमी सोसत नाही म्हणून सगळे हळहळले. मग दुपट्ट्याआडून त्यानं खूण केली आणि रंभाबाई पाण्यात उतरली. पाळीकडे पाठ करून तिनं डोळ्यांत पाणी घेतलं, शपथ खणखणीत म्हटली आणि ओल्या लुगड्यानं घरी गेली. तिच्या मते विषय मिटला.

शिमग्याच्या सुमाराला तिचा उजवा डोळा गळायला लागला. धूर लागला असेल, कचरा गेला असेल, असं म्हणत तिनं दुर्लक्ष केलं. मग डोळा आणि नाक यांच्या मधल्या खोबणीत एक मऊ गाठ वर आली. दुखत नव्हती, खाजत नव्हती, बोट दाबलं की नुसती दबायची. आणि चैत्रात एका सकाळी तिनं डोळा पुसला तर पदराला रक्त लागलं. पाण्यात मिसळलेलं, फिकट, पण रक्तच. रंभाबाई घाबरली नाही असं मी म्हणणार नाही. पहिल्यांदाच तिला तो लांब पदर उपयोगी पडला, डोळा त्यात लपवता आला. पण विहिरीवर बायकांच्या नजरा असतात. मुखरूची बायको सुगंधाबाई तिच्या शेजारीच कपडे धुवायची, तिनं पाहिलं आणि काही बोलली नाही. दुसऱ्या बायका बोलल्या.

गावाला आणखी काय पाहिजे होतं. जिनं डोळ्याची शपथ घेतली तिच्याच डोळ्यातून रक्त येतंय. पंच पुन्हा पाळीवर बसले, आणि मुखरूनं निकाल दिला की तलावानं चोर दाखवला. रंभाबाईनं चोरी कबूल करावी, जातीला भात द्यावा, म्हणजे दंडाचं जेवण घालावं, तलावाची माफी मागून त्याच पाण्यानं डोळा धुवावा. नाहीतर तिचा पाय तलावात पडता कामा नये. आषाढाच्या लागवडीपर्यंत कबुली आली नाही तर तिचा वाटा कायमचा मुखरूच्या वाट्याला जोडायचा. म्हणजे न्याय करणारा तोच, चोरी झालेला तोच, आणि चोरीचं फळ खाणाराही तोच. आणि पाळीवर बसलेल्या एवढ्या मिशांपैकी एकीलाही हे बोलायची हिंमत झाली नाही.

रंभाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा भाऊ कोलू बातमी ऐकून आला. बरा माणूस, पण भित्रा. त्यानं समजूत काढली की भात देऊन टाक, पडतं घे, वाटा तरी राहील. तिनं त्याला जेवू घातलं, आणि हात धुवायला पाणी देताना सांगितलं, "मी चोर नाई. चोर नाई तं चोराचा भात कायले देऊ? वाटा गेला तं जाऊ दे, पण चोर म्हणून मी त्या पाण्यात पाय नाई ठेवत." कोलूनं हात पुसले आणि मग हळूच विचारलं, की बाई, मग ते रक्त कशाचं. रात्रंदिवस तिला तोच प्रश्न खात होता. आपण चोरी केली नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि डोळ्यातून रक्त येतंय हेही पक्कं. दोन्ही खरं कसं असेल?

मूलच्या बाजारात एक डॉक्टर बसायचा. त्यानं गाठ अंगठ्यानं अशी दाबली की रंभाबाईनं त्याचा हात झटकला. त्याच्या मते हे लासूर होतं, डोळ्याच्या पाण्याची नळी बंद पडून आत पू साचतो तो आजार. शेकायला सांगितलं, डोळ्यात टाकायला थेंब दिले. दुखत नाही आणि पूही येत नाही, असं रंभाबाई सांगत राहिली, तर तो म्हणाला की चोळू नको, चोळतेस म्हणून रक्त येतं. ती चोळत नव्हती. तिनं शेकलं, थेंब टाकले, आणि गाठ बोराएवढी होती ती सुपारीएवढी झाली. पुन्हा गेली तर डॉक्टर तिच्यावरच खेकसला की सांगितलेलं करत नाही आणि मग रडत येता. रडत ती नव्हती, तिचा डोळा गळत होता. गावानं चोर म्हटलं, डॉक्टरनं खोटारडी म्हटलं. आता तिला सगळ्यांचाच राग यायला लागला होता, कोलूचा, बाजाराचा, आणि जोरजोरात पाणी काढणाऱ्या विहिरीवरच्या बायकांचाही.

शेवटी कोलूनंच धीर केला आणि तिला छोट्या लाईनच्या आगगाडीत घालून चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं दुबे नावाचे डॉक्टर नुकतेच रायपूरकडून बदलून आले होते. निम्मं हिंदी, निम्मं मराठी बोलायचे. त्यांनी आधी गाठीला हात लावला नाही. विचारलं की दुखतं का. रंभाबाई म्हणाली नाही, आणि आता हाही आपल्याला खोटं पाडणार म्हणून कंबर कसून बसली. दुबेंनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, बरोबर. त्या एका शब्दानं ती इतकी चकित झाली की पुढचा प्रश्न तिला ऐकूच आला नाही, कोलूनं कोपरानं ढोसलं.

प्रश्न होता, पाण्यात काम करता का? साचलेल्या पाण्यात, तलावात? म्हशी बसतात त्याच पाण्यात? तिनं सगळ्याला हो म्हटलं. दुबेंनी तिला खिडकीशी नेलं, पापणी उलटी केली, गाठ अगदी हलकी दाबली. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक भोकातून रक्ताचा थेंब आला आणि त्याच्यामागं लाल मांसाचा एक कण डोकावला. त्यावर पांढरे ठिपके होते, रवा भुरभुरल्यासारखे. दुबे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सांगितलं की हे लासूर नसावं. हा विरळा रोग आहे, नळीच्या पिशवीत मांस वाढतं, आणि पाण्यात राबणाऱ्या माणसांना होतो. रायपूरकडे त्यांनी तो पाहिला होता, पण बहुतेकांच्या नाकात. डोळ्याच्या नळीत फार थोड्यांना. तरी नुसतं बघून ते पक्कं बोलणार नाहीत, तुकडा काढून सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघतील, मगच सांगतील.

आणि मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, की गावात कोणाचं नाक असंच वाहतं का, लाल, वर्षानुवर्षं?

रंभाबाई नाही म्हणायला तोंड उघडून थांबली. मग ती हसायला लागली. चैत्रापासून ती हसली नव्हती, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं. दवाखान्यातली बाई दारातून डोकावून गेली, कोलू घाबरला. रंभाबाईच्या डोळ्यासमोर तो दुपट्टा होता, तो फोडलेला कांदा, आणि हळहळणारे पंच.

तुकड्याचा निकाल आला तेव्हा दुबेंनी तिला दुर्बिणीशी बोलावलं. एक डोळा मिटून दुसरा काचेला लाव म्हणाले. तिनं चांगला डोळा लावला. आत गोल गोल पोती दिसली, आणि प्रत्येक पोत्यात बारीक दाणे गच्च भरलेले. मासोळी चिरली की पोटातून अंडी निघतात, तशीच. तिनं तसं म्हटलं, तर दुबे म्हणाले की हे दाणेच फुटून पसरतात आणि मांस वाढत जातं. आता पक्कं झालं होतं. तिनं विचारलं, ओंजळभर पाणी डोळ्यात घेतलं त्यानं हे झालं का? दुबेंनी खरं ते सांगितलं. नेमकं कधी आणि कसं शिरतं ते कोणालाच माहीत नाही, पण तलावात राबणाऱ्यांना होतं एवढं दिसतं, आणि ती तर जन्मापासून पाण्यात होती. खोटं बोलल्यानं होतं का, हे तिनं विचारलं नाही. ते विचारायची आता गरज उरली नव्हती.

त्यांनी ती पिशवी अख्खी काढून टाकली आणि मुळाशी डाग दिला, पुन्हा उगवू नये म्हणून. उगवू शकतं, हेही सांगून ठेवलं. आता पाणी वाहून जायला वाट नाही, तेव्हा हा डोळा जन्मभर गळत राहील. रक्त येणार नाही. आणि तलावात डोकं बुडवायचं नाही. रंभाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की आषाढ लागायला किती दिवस आहेत.

लागवडीच्या आदल्या दिवशी पंच पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बसले होते. वाट्यांचे बांबू नव्यानं रोवायचे होते, आणि रंभाबाईचा बांबू उपटून बाजूला टाकला होता. ती आली. नाकाच्या मुळाशी तिची जखम अजून लाल होती आणि डोळा गळत होता. कोलू मागं उभा राहिला आणि त्यानं चाचरत दवाखान्याचं सगळं सांगितलं. पंचांनी ऐकलं. मुखरू दुपट्ट्याआडून म्हणाला की डॉक्टर लोक चिरतात, त्यांना ते येतं, पण तलावानं निकाल आधीच दिला होता. चिरल्यानं चोरी धुतली जात नाही. पुन्हा माना हलल्या.

तेव्हा रंभाबाईनं डोक्यावरचा पदर मागं सारला. लग्न होऊन आल्यापासून मुखरूनं तिचा चेहरा पाहिला नव्हता. पाळीवरच्या बायका तोंडाला हात लावून बसल्या.

"मुखरूभाऊ," ती म्हणाली, आणि त्याचं नाव ऐकून दोन पंच उठायलाच लागले होते. "भाऊ, माह्या डोळ्यातून रक्त आलं तं ते पाप. तुमच्या नाकातून इतकी वर्सं येऊन राह्यलं, ते गरमी काऊन? तुमी कोणती शपथ खोटी खाल्ली?"

मुखरू उठला आणि ओरडायला लागला. बाईला लाज नाही, भासऱ्याचं नाव घेते, हिला वाळीत टाका. रंभाबाई हलली नाही. ती पंचांकडे वळून सांगत राहिली, की डॉक्टरनं माझ्या नळीतून मांस काढलं, लाल होतं आणि वर पांढरे ठिपके होते, तसंच नाकातही वाढतं आणि तेही पाण्यात राबणाऱ्यालाच होतं. भाऊंनी दुपट्टा काढावा आणि उन्हाकडे नाक करावं. सगळ्यांनी बघावं. ठिपके नसले तर मी चोर, आत्ता भात देते. मुखरूनं दुपट्टा आणखी घट्ट धरला. कोणता पंच त्याच्या हाताला हात लावणार होता? गोष्ट तिथंच बुडते की काय असं कोलूला वाटलं.

मग बायकांतून सुगंधाबाई उठली. मुखरूची बायको. जिनं नवऱ्याच्या रक्ताचे दुपट्टे सालोसाल त्याच विहिरीवर धुतले होते, आणि चैत्रात रंभाबाईचा पदर पाहून जी गप्प राहिली होती. ती नवऱ्याकडे बघत नव्हती, मोहाच्या बुंध्याकडे बघत होती.

"मी पायलं हाय," ती म्हणाली. "लाल मांस हाय. वर पांढरे ठिपके हायेत. खोटं कायले बोलू?"

मुखरू मटकन खाली बसला. दुपट्टा तसाच नाकाला होता, पण हात सैल पडला होता. पंच एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. एक म्हातारा पंच घसा साफ करून म्हणाला की ठीक आहे, गैरसमज झाला, रंभीचा बांबू जागेवर रोवा, विषय मिटला. दुसऱ्यानं लगेच री ओढली. चैत्रापासून तिला तोंडावर चोर म्हटलं, तिच्या सावलीपासून लेकरं ओढून घेतली, आणि आता यांचा विषय मिटला. एकाच्याही तोंडून चुकलं म्हणून शब्द निघाला नाही.

रंभाबाईनं उपटलेला बांबू उचलला नाही. कोणाचा तरी लोटा पाळीवर पडला होता, तो घेऊन ती खाली उतरली, तलावाचं पाणी भरलं आणि वर येऊन तो मुखरूच्या पायापाशी ठेवला. तिच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. कोणाला वाटलं रडते आहे, तर तिनं तेही सांगून टाकलं, की मी रडत नाही, माझी नळी कापली आहे, हे आता असंच वाहणार.

"विषय मिटला म्हणता," ती म्हणाली. "मंग हे पाणी डोळ्यात घ्या अन् म्हणा, रंभी चोर हाय. तुमच्यापैकी कोणी बी म्हणा. म्हटलं तं मी आत्ताच वाटा सोडून जातो."

मुखरूनं लोट्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या पंचानं पाहिलं आणि नजर वळवली. कालपर्यंत याच पाण्यानं ते चूळ भरत होते, लेकरांना आंघोळ घालत होते. आज एकाचाही हात पुढं झाला नाही. वारा आला, मोहाची दोन पानं लोट्याजवळ पडली, तरी सगळे तसेच बसून होते. तलावाच्या निकालावर ज्यांचा एवढा विश्वास होता, ते त्याच्या ओंजळभर पाण्याला भीत होते, आणि हे सगळ्या गावानं बघितलं.

रंभाबाईनं वाट बघितली, पुरेशी बघितली. मग लोटा उचलून पाणी मुखरूच्या समोर जमिनीवर ओतलं, लोटा ज्याचा होता त्याच्या हातात दिला, आणि बांबू खांद्यावर घेऊन आपल्या वाट्याकडे निघाली. पाण्यात ती कंबरेपर्यंतच उतरली, डॉक्टरनं सांगितलं होतं तशी, डोकं वर ठेवून. सुगंधाबाईनं पदर खोचला, पाळीवरून खाली आली, आणि बांबूचं दुसरं टोक धरलं.